गंजिफाच्या पानांसाठी चामड्याचा डबा: हातशिलाई, नक्षी आणि कोपऱ्यांची भानगड

मेणदोरा

नमस्कार मंडळी. हा डबा कसा केला ते खरडवहीत दोघातिघांनी विचारलं होतं, म्हणून धागाच काढते.

आमच्याकडे सावंतवाडीचा दशावतारी गंजिफाचा, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांचा, संच आहे. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे १२० गोल पानं. त्याची सरकत्या झाकणाची लाकडी पेटी आता दमट हवेने फुगते आणि झाकण ओढताना वरच्या पानांचा रंग घासला जातो. गंजिफाच्या पानाला चिंचोक्याची खळ, वर खडूचा थर आणि लाखेचा हात असतो. एकदा कडेचा टवका उडाला की तो वाढतच जातो. म्हणून वरून उचलायच्या झाकणाचा, आतून मऊ अस्तराचा चामड्याचा डबा करायचं ठरवलं.

माझ्या संचातलं पान साधारण ६ सेंटिमीटर व्यासाचं आहे. ३०-३० च्या चार चळती, दोन-दोन शेजारी. बोटं जायला थोडी जागा धरून आतलं माप १३० × १३० मिलिमीटर आणि खोली ४० च्या आसपास. भिंतींना ३ मिमी जाडीचं चामडं घेतलं. त्याहून पातळ घेतलं तर डबा उभा राहतो, पण दाबला की पोटात जातो, मग आत पुठ्ठा किंवा लाकूड घालावं लागतं.

यूट्यूबवर डबे बघितलेत तर कॅमेरा सगळा वेळ झाकणावरच्या फुलांवर असतो. नक्षी सरावाने येते, आणि एखादी रेघ इकडची तिकडे झाली तर बघणाऱ्याला कळतही नाही. डबा घडतो किंवा बिघडतो तो कोपऱ्यात. आणि कोपरे नीट येतात की नाही हे सुई हातात घेण्याच्या कितीतरी आधी, कामाचा क्रम लावतानाच ठरून जातं.

क्रम असा: नक्षीचा तुकडा आधी मोठा कापायचा, ओला करून नक्षी करायची, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच नेमक्या मापात कापायचा. ओलं चामडं हातोडीखाली पसरतं. १६-१७ सेंटिमीटरचा चौकोन दोन-तीन मिमी सहज वाढतो. तोही सगळीकडून सारखा नाही, कातड्याच्या पोटाच्या दिशेला जास्त. आधी मापात कापून मग ठोकलात तर चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो, आणि त्याला चार काटकोनी भिंती जोडायच्या म्हणजे टाक्यांची ओढाताण. ठोकण्याआधी मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावली की पसरणं बरंच कमी होतं. तरीही अंतिम कापणी शेवटीच.

ओलं करणं हा वेगळाच विषय. स्पंजने दोन्ही बाजूंनी पाणी द्यायचं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं, सकाळी उघडून वाट बघायची. रंग पुन्हा मूळच्या जवळ यायला लागतो, पण गालाला लावलं तर गार लागतं, ही ठोकायची वेळ. त्याआधी ठोकलं तर पाणी वर येतं आणि ठसा बुळबुळीत उठतो, उशीर केला तर उठतच नाही. बरोबर वेळ साधली की ठशाच्या तळाला चामडं आपोआप गडद तपकिरी होतं. तो रंग कुठल्याही डबीतून मिळत नाही.

नक्षीत झाकणाच्या मधोमध कमळ, भोवती वेल आणि भिंतींवर गंजिफातल्याच खुणा घेतल्या: मासा, कासव, परशू. आकृतीच्या रेघा स्विव्हल नाइफने (फिरत्या पात्याच्या सुरीने) जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल कापायच्या, मग उतरत्या तोंडाच्या ठशाने रेघेची बाहेरची बाजू दाबत जायचं, म्हणजे आतला मासा वर उठतो. माशाची खवलं एकाच अर्धगोल ठशाने मारली, ओळीगणिक अर्धा ठसा सरकवत. इथे डोकं वापरायचं नाही, ताल धरायचा. खाली ओट्याच्या सिंकसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्याखाली जुनं रबरी पायपुसणं. टेबलाच्या मधोमध ठोकू नका, पायाच्या बरोबर वर ठोका. फटका वाया जात नाही. (खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिवाळीत जास्तीच्या करंज्या द्याव्या लागल्या, तो खर्च वेगळा.)

आता कोपरे. माझ्या डब्याला दोन भिंती आतल्या मापाच्या म्हणजे १३० मिमी, आणि दोन त्यांच्या कडा झाकणाऱ्या, १३६ च्या. आखूड भिंतीत आरी (भोकं पाडायचा टोच्या) वरच्या पृष्ठभागातून तिरकी घालायची, कडेपासून ३ मिमीवरून शिरून कापलेल्या कडेच्या बरोबर मध्यावर बाहेर. लांब भिंतीत भोकं सरळ आरपार. दोन्हीकडची भोकं मोजून सारखी. ४४ मिमी उंचीत वर-खाली ४-४ सोडले की ४ मिमीच्या अंतराने ९ टाके, १० भोकं. एकीकडे १० आणि दुसरीकडे ११ झाली तर पुढे देवच वाली.

शिवताना आत लाकडी ठोकळा हवाच, बरोबर आतल्या मापाचा. सुताराकडून प्लायचे थर चिकटवून घेतला. त्याच्याविना काटकोन हातात धरून शिवायला गेलं तर तिसऱ्या टाक्यानंतर भिंत झुकायला लागते.

टाका दोन सुयांचा: एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात, एक टाका तुटला की शेजारचे सुटत जातात. इथे प्रत्येक टाका स्वतंत्र घट्ट असतो. नियम एकच: पहिली सुई कुठल्या बाजूची आणि दुसरी तिच्या वरून जाणार की खालून, हे ठरवलं की शेवटच्या टाक्यापर्यंत बदलायचं नाही. फोन आला म्हणून उठलात आणि परत येऊन उलट सुरुवात केलीत तर ती जागा आयुष्यभर दिसते.

दोरा शिवणीच्या चौपट अधिक वीतभर. बुकबाइंडर वापरतात तो लिननचा, मधमाशीच्या मेणावरून ओढलेला. सुया गोधडीच्या, टोकं पॉलिशपेपरवर बोथट करून. भोक आरीने पाडायचं, सुईने नाही. सुईला टोक असलं की ती आधीच्या दोऱ्यात घुसते.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

चष्मिष्ट

वाचनखूण साठवली. फोटोतलं कासव जबरी आहे!! पण मुळात चामडं कुठून आणायचं ते सांगा ना. आमच्या इथल्या दुकानात गेले तर त्याने सोफ्याचं रेक्झिन दाखवलं.

मेणदोरा

@चष्मिष्ट, दुकानात "चामडं" मागितलं की बहुतेक वेळा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मिळतं. पर्स आणि जाकिटांना ते उत्तम, नक्षीला निरुपयोगी. ठसा मारला की थोड्या वेळात परत वर येतो. आपल्याला साल-हिरड्याने कमावलेलं हवं. ओळखायला पाण्याचा थेंब टाका. साल-कमावणीचं, वर काही लावलेलं नसेल तर पाणी पितं आणि डाग गडद होतो. कापलेली कडही बघा: क्रोमच्या गाभ्यात निळसर-राखाडी छटा असते, याच्यात बदामी. काही लोक जाळून बघतात, ते घरात करू नका. क्रोमचा धूर चांगला नाही.

मुंबईत धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडला फिरलात तर मिळतं, पण "टूलिंगसाठी" (नक्षीकामासाठी) असं सांगून उपयोग नाही, "पट्ट्याचं, साल-कमावणीचं" असं म्हणा. बाहेरून मागवायचं तर चेन्नईचं पेरियामेट आणि खोगीर-लगामाच्या धंद्यामुळे कानपूर. आणि पाठीचा भाग मागा. पोटाकडचा स्वस्त असतो, पण सैल आणि दोऱ्याने ओढला की लांबतो.

पंचगंगा_काठ

ताई, लेख आवडला. आमचं घर कोल्हापुरी चपलांचं, त्यामुळे दोन गोष्टी जोडतो आणि एक टोचतो.

पहिली, आपल्याकडच्या कमावणीची. जुनी पद्धत म्हणजे कातड्याची पिशवी शिवायची, टांगायची आणि आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी झिरपत राहतं, खालून गोळा करून पुन्हा वरून ओतायचं. हे असं चामडं कडक आणि कणखर होतं, कुरकुरतं म्हणून लोकांना आवडतं. तुमच्या भिंतींना झकास. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आता इथे हाताशी येतं ते मुख्यतः म्हशीचं. म्हशीच्या चामड्याचा दाणा, म्हणजे पोत, जाड असतो. वेल आणि कमळाच्या मोठ्या पाकळ्या निघतील, पण माशाची खवलं इतकी बारीक येणार नाहीत.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाही आणि नवशिक्यांचा घात तिथेच होतो. लोखंड! ओल्या साल-कमावणीच्या चामड्याला लोखंड लागू देऊ नका. खिळा, साधी हातोडी, कानशीचा कीस, काहीही. निळे-काळे डाग पडतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून काळी शाई करायचे, तोच हा खेळ. हिरडा चामड्यात आधीच आहे, लोखंड तुम्ही आणून देता. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस कापसाने टेकवा, फिका होतो, मग सगळा तुकडा एकसारखा ओला करा नाहीतर लिंबाचाच डाग राहतो. आमच्याकडे रापीला (चामडं कापायच्या सुरीला) धार लावली की आधी फडक्याने पुसतात, मगच चामड्याकडे वळतात.

आता टोचणी. खिळे घासून ठसे करायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो, तो वरच्याच कारणासाठी चुकीचा. पितळी बोल्ट घ्या. पण खरी टोचणी ही: चपलेवरची ठशांची नक्षी, वेण्या आणि गोंडे हे काम आमच्या घरांत बायका करत आल्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांना कुणी कलाकार म्हटलं नाही. माझ्या आजीच्या हाताला ठसे मारून गाठी आल्या होत्या आणि गावात तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आज शहरात याच कामाची शनिवार-रविवारची कार्यशाळा लागते आणि फी ऐकून घाम फुटतो. राग नाही, पण धाग्यात हे कुठेतरी असावं म्हणून लिहिलं.

मेणदोरा

@पंचगंगा_काठ, असावंच. आरी कशी धरायची हे मला कोल्हापुरातल्या एका कारागीर काकांनी दाखवलं, त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून. मनगट नाही, कोपर हलवायचं, हे एक वाक्य सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त कामाला आलं. त्यांनी पैसे घ्यायचं नाकारलं, मग दोन जोड चपला घेतल्या.

लोखंडाचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. माझे ठसे मुलामा दिलेले आहेत आणि ठोकायची मोगरी नायलॉनची, त्यामुळे तो मुद्दा डोक्यातच आला नाही.

बारामती_ब्रुकलिन

कोल्हापुरीचा विषय निघालाच आहे तर. २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला चालवल्या, आधी नावसुद्धा न घेता. आरडाओरडा झाल्यावर मान्य केलं. पंचगंगा भाऊंची टोचणी पार तिथपर्यंत पोचते.

शंकेखोर

लेख माहितीपूर्ण. पण मत्स्य, कूर्म, परशुराम यांच्या खुणा चामड्यावर कोरणं मनाला पटलं नाही. देवाच्या वस्तूंना चामडं लागू नये असं आमच्याकडे मानतात. वाद घालायचा नाही, फक्त नोंदवतो.

आजोळ_मालवण

@शंकेखोर, वाद नको तर नको, पण कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन या एकदा. तिथले ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. चामड्यावर राम, सीता, रावण कोरलेले आणि रंगवलेले, मागून दिवा आणि पडद्यावर रामायण. त्या बाहुल्या ते देवासारख्याच सांभाळतात. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. पखवाज आणि तबला कशाने मढवतात ते तर सांगायला नको. आरतीला ढोलकी चालते ना?

आणि गंजिफाचं म्हणाल तर तो पत्त्यांचा खेळ आहे हो. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात ही कला पुन्हा उभी केली नसती तर मेणदोरा ताईंना डबा करायला पानंच नसती.

शंकेखोर

ढोलकीचा मुद्दा मान्य. बाकी ज्याची त्याची श्रद्धा. डबा सुंदर आहे हे आधीच लिहायला हवं होतं.

बर्फातला_मराठी

मस्त धागा. इकडे वायोमिंगमध्ये शेरिडन नावाचं गाव आहे, खोगिरांच्या नक्षीचं माहेरघर. डॉन किंग नावाच्या खोगीरकाराने तिथे गुंतलेल्या गोल वेली आणि लहान लहान फुलांची शैली रुजवली. नक्षीवेडा माणूस तिथल्या खोगिरांच्या संग्रहालयात अर्धा दिवस सहज घालवतो. तिथले लोक सुरीबद्दल जे सांगतात ते तुमच्या लेखाला जोडतो: स्विव्हल नाइफ कापायला लागल्यावर ओढली जाते, अडखळते असं वाटलं तर हात चुकत नाहीये, धार गेली आहे. पुठ्ठ्याला पॉलिशची पेस्ट चोळून ठेवा आणि दर थोड्या रेघांनंतर पातं त्यावर घासा.

एका बाबतीत मात्र मतभेद. कोपरा ४५ अंशांत कापून जोडला तर जास्त देखणा दिसतो. तुमच्या पद्धतीत एका बाजूने चामड्याची कापलेली कड दिसत राहते. इतकी सुंदर नक्षी करून कोपऱ्यात ती बदामी पट्टी का ठेवायची?

मेणदोरा

@बर्फातला_मराठी, देखणा दिसतो हे मान्य. पण ३ मिमी जाडीचा ४५ अंशांचा काप सगळ्या लांबीभर एकसारखा यायला हात बसलेला हवा, आणि तो काप पातळ होत टोकाला धारेसारखा होतो. आरी जरा वर गेली की दोरा चामडं चिरून बाहेर येतो. माझ्या जोडात दोऱ्याला पकडायला भरपूर मांस राहतं. आणि ती कड मी लपवत नाही, उलट घोटते. शिवून झाल्यावर पॉलिशपेपर आधी ४०० चा, मग ८०० चा, त्यावर डिंकाचं दाट पाणी आणि ताडपत्रीच्या सुती तुकड्याने गरम होईपर्यंत घासायचं. दोन्ही तुकड्यांची कड एकजीव होऊन गडद होते, सांधा शोधावा लागतो. डिंक बाभळीचाच, वाण्याकडचा.

नवख्याने पहिला डबा साध्या जोडाचाच करावा असं माझं ठाम मत आहे. ४५ अंश दुसऱ्या डब्याला.

बर्फातला_मराठी

पहिल्या डब्याबद्दल सहमत. बाकी तह.

बाय द वे, पंचगंगा भाऊंनी सांगितलेला लोखंडाचा गुण इकडे मुद्दाम वापरतात. गंजके खिळे किंवा तारेचा चोथा व्हिनेगरमध्ये मुरवून ठेवायचा आणि ते पाणी चामड्याला लावायचं. रंग न लावता चामडं आतपर्यंत काळंभोर होतं, आणि रंगासारखं हाताला लागत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून आंबटपणा मारायचा आणि तेल द्यायचं. कमळ मूळ रंगात आणि भिंती अशा काळ्या, कसं दिसेल?

पंचगंगा_काठ

झकास दिसेल. फक्त त्या पाण्याचा एक थेंब कमळावर उडाला की संपलं. भिंती वेगळ्या काळ्या करून, धुऊन, वाळवून मगच जोडा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, आमच्या अकोल्यात मे महिन्यात हे काम करून पाहा. रात्रभर गुंडाळून ठेवलं तरी प्लास्टिक उघडल्यावर अर्ध्या तासात पापड! गालाले लावायची वाटच पाहायची नाही. मी एकावेळी पूर्ण झाकण उघडतच नाही. जिथं ठोकतो तेवढाच भाग मोकळा, बाकीच्यावर ओला पिळलेला रुमाल आणि वर प्लास्टिक. कूलर बंद. घाम आपला आपण पुसायचा, चामड्यावर पडू द्यायचा नाही. मध्येच फवारा मारायचा असल तर पूर्ण तुकड्यावर मारा, एकाच जागी मारला तर त्याची कडा वाळल्यावर दिसते.

चष्मिष्ट

"अर्ध्या तासात पापड" :D :D

कुकरची_शिट्टी

खोबरेल तेल चालेल का वरून? घरात तेच असतं. आणि पावसाळ्यात बुरशीचं काय? आमच्या ठाण्यात जुलैमध्ये पट्ट्यावर पांढरी पावडर येते.

मेणदोरा

खोबरेल नको. थंडीत गोठतं, नंतर खवट होतं आणि साल-कमावणीच्या चामड्यावर ओघळाचे डाग ठेवतं. मी नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांपासून काढलेल्या तेलाचा) पातळ हात देते, फडक्याने, एकदाच. जास्त तेल दिलं तर कडक भिंती मऊ पडतात आणि डब्याचं डबेपण जातं. वर मधमाशीच्या मेणाचा हलका थर.

बुरशीला कारण दमट हवा आणि कोंडलेली जागा. कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून पंख्याखाली. पांढरं आलंच तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडायचं, उन्हात करपवायचं नाही. चामडं आकसतं आणि झाकण बसेनासं होतं. गंजिफाच्या पानांनाही कोंडलेली हवा मानवत नाहीच, त्यामुळे डबा घट्ट हवाबंद झाला नाही तरी वाईट वाटून घेऊ नका.

अस्तराचा_धागा

झाकणाबद्दल काहीच लिहिलं नाहीत. मी चष्म्यांसाठी असाच डबा करतोय. झाकण वरून पूर्ण खाली उतरणारं ठेवलं आहे. बसतं मस्त, पण उचलायला गेलो की खालचा डबाही सोबत वर येतो आणि मग धप्पकन सुटतो. सैल केलं तर खडखडतं. काय करावं?

मेणदोरा

@अस्तराचा_धागा, झाकणाचं गणित माझ्या डब्यात असं होतं: डब्याचं बाहेरचं माप १३६, दोन्ही बाजूंना १-१ मिमी मोकळीक आणि अस्तर शेळीचं ०.८ मिमी, दोन्ही बाजूंचं १.६. बेरीज १३९.६, म्हणून झाकणाचं आतलं माप १४०. अस्तर विसरून माप काढलं की झाकण चढतच नाही. तुमचं चढतंय, म्हणजे माप बरोबर आहे, तिथे हात लावू नका.

तुमची अडचण हवेची आहे. झाकण खोल आणि नेमकं बसलं की आत हवा शिरायला वाट नसते, त्यामुळे ते डब्याला ओढून धरतं. झाकणाच्या दोन समोरासमोरच्या भिंतींच्या खालच्या कडेला अंगठा मावेल अशी अर्धचंद्राची खाच द्या. हवा तिथून जाते, आणि दोन्ही अंगठे खाली डब्यावर टेकवून झाकण वर सोडवता येतं.

अस्तराचा_धागा

झाकण शिवून झालंय हो. आता खाच कशी पाडू? रापीने गोल येत नाही.

पंचगंगा_काठ

रापी नकोच. चपलेला गोल पाडायचे पोकळ पंच मिळतात, २०-२५ मिमीचा घ्या. झाकण उलटं करून लाकडी ठोकळ्यावर चढवा, भिंतीच्या मागे ठोकळा भक्कम टेकला पाहिजे. पंचाचा अर्धा भाग चामड्यावर आणि अर्धा बाहेर येतो, त्या बाहेरच्या अर्ध्याखाली त्याच जाडीचा चामड्याचा रद्दी तुकडा टेकवा, नाहीतर पंच तिरका होऊन घसरतो. एकच फटका, जोराचा. अस्तर आधी त्या जागी चिकटलेलं आहे ना बघा, सुटं असेल तर चुरगळून फाटेल.

अस्तराचा_धागा

अस्तर चिकटलेलं आहे. पंच आणतो उद्या. खाचेची कड घोटायला ताईंचाच डिंक ना?

मेणदोरा

हो, पण खाचेत ताडपत्री पोचत नाही. गोल पेन्सिलीला ती गुंडाळा आणि फिरवा. अस्तराला डिंक लागू देऊ नका, कडक होतं.